मांसप्रक्रिया कारखान्यांतील कामगारांचे हात : वेग नेमका कशाचा मोजायचा?

शमी (धागालेखिका)

अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात मी हातांच्या विकारांवर उपचार करणारी थेरपिस्ट म्हणून काम करते. माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांत मोठा वाटा गोमांस, डुकराचे मांस आणि कोंबडी यांवर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांतील कामगारांचा असतो. त्यांत स्पॅनिश बोलणारे आहेत, सोमाली आहेत, म्यानमारमधून आलेले कॅरेन आहेत आणि भूतानमधून परागंदा झालेले नेपाळीभाषकही आहेत. या शेवटच्या गटातील अनेकांना हिंदी चांगले समजते, त्यामुळे दुभाष्याविना बोलणे होते आणि एरवी केसपेपरवर न येणाऱ्या गोष्टीही कानावर पडतात. रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते, हात झटकला की थोडे बरे वाटते, सकाळी मूठ नीट वळत नाही आणि तरीही तासाभरात कामावर उभे राहायचे असते, ही हकीकत मी वेगवेगळ्या भाषांतून जवळजवळ त्याच शब्दांत ऐकत आले आहे.

ज्यांनी असा कारखाना पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन करते. कोंबडीच्या कारखान्यात साफ केलेले धड शंकूच्या आकाराच्या साच्यावर बसवलेले असते आणि असे साचे पट्ट्यावरून एकामागून एक सरकत जातात. एक कामगार खांद्याच्या सांध्यावर काप देतो, दुसरा पंख धरून छातीचे मांस खाली ओढतो, तिसरा आतली लांबट पट्टी सोडवतो. प्रत्येकाच्या वाट्याला एकच हालचाल येते आणि ती पाळी संपेपर्यंत करायची असते. समजा, एखाद्याच्या समोर मिनिटाला २० तुकडे आले आणि प्रत्येकाला दोन काप लागले, तर तासाला २,४०० काप होतात आणि विश्रांतीचा वेळ वगळून सात तास धरले तर दिवसाचे जवळजवळ १७,००० होतात. गोमांसाच्या कारखान्यात कापांची संख्या कमी असते, पण जोर फार लागतो : एका हातात आकडा, दुसऱ्या हातात सुरी, आणि थंड, घट्ट मांस अंगाकडे ओढत कापायचे.

मनगटाच्या पुढच्या बाजूला हाडे आणि एक जाड पट्टा यांच्यामध्ये अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटे मिटवणारे नऊ स्नायुबंध आणि त्यांच्याबरोबर मध्यवर्ती नस जाते. मनगट सरळ आणि हात सैल असताना या बोगद्यातील दाब अगदी कमी असतो. मनगट वाकवून मूठ आवळली की तो कित्येक पटींनी वाढतो आणि पाऱ्याच्या सुमारे ३० मिलिमीटरच्या वर गेला की नसेचा रक्तपुरवठा मंदावू लागतो. दाब चढला आणि उतरला तर शरीर ते सोसते. पुढचा काप येण्याआधी तो उतरायला वेळच मिळाला नाही, तर स्नायुबंधांची आवरणे सुजतात, बोगदा आणखी अरुंद होतो आणि नस चेपत जाते. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग बधिर होतो, करंगळी सुटते. पुढे अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा सपाट होऊ लागतो. या अवस्थेला आलेला हात शस्त्रक्रियेनंतरही पहिल्यासारखा होईल याची खात्री देता येत नाही.

त्यात थंडी असते. कापणीची दालने मांस टिकावे म्हणून साधारण १० अंश सेल्सिअसच्या खाली ठेवतात. गार पडलेल्या बोटांना पकड नीट जाणवत नाही, म्हणून माणूस गरजेपेक्षा जास्त आवळून धरतो. सुती हातमोजा, त्यावर काप न लागणारा जाळीचा आणि त्यावर रबरी, असे थर चढले की तीच पकड टिकवायला आणखी जोर लागतो. सुरीची मूठ चरबीने निसरडी होते, तेव्हा आणखी. यातला प्रत्येक जादा जोर किरकोळ आहे, पण तो दिवसाच्या हजारो कापांतील प्रत्येकाला लागू होतो.

आता मुद्द्यावर येते. अमेरिकेत अनेक वर्षे सरकत्या पट्ट्याच्या या ओळींच्या (लाइन) वेगावर वाद चालू आहे. उद्योग म्हणतो की वेग वाढवल्याने इजा वाढत नाहीत. कामगार संघटना म्हणतात की वाढतात. माझे म्हणणे असे की दोन्ही बाजू बहुतेक वेळा चुकीच्या ओळीकडे बोट दाखवतात. कायद्याने घातलेली वेगमर्यादा ही आतडी काढण्याच्या ओळीला असते, कारण तिथे सरकारी निरीक्षक उभा राहून प्रत्येक पक्षी पाहतो. ती मर्यादा कृषी खात्याने अन्नतपासणीसाठी घातलेली आहे. कोंबडीसाठी २०१४ च्या नियमानुसार ती मिनिटाला १४० पक्षी अशी राहिली आणि काही कारखान्यांना सवलत देऊन १७५ पर्यंत जाऊ दिले गेले. त्यापुढे जिथे शेकडो माणसे सुरी घेऊन उभी असतात, त्या हाडे काढण्याच्या दालनाला कोणतीही वेगमर्यादा नाही. आणि मनगटाला ओळीचा वेग कळत नाही. एका हाताला एका मिनिटात किती वेळा, किती जोर लावून, कोणत्या कोनात काम करावे लागते आणि मध्ये किती उसंत मिळते, तेवढेच त्याला कळते.

याचा फार चांगला दाखला दक्षिण कॅरोलिनात घडला. 'नायॉश' ही कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी संघीय संस्था आहे. तिने तिथल्या एका कोंबडी कारखान्यातील कामगारांची तपासणी केली आणि २०१४ मध्ये अहवाल दिला. तपासलेल्यांपैकी ४२ टक्के कामगारांत मनगटातील नस चेपल्याची, म्हणजे कार्पल टनेल विकाराची चिन्हे होती. कारखान्याने त्या काळात मिनिटाला ९० पक्ष्यांच्या दोन ओळी एकत्र करून १७५ ची एकच ओळ केली होती. कृषी खात्याच्या अधिकाऱ्यांनी याचा आधार घेऊन असे मांडले की वेग जवळजवळ दुप्पट होऊनही कामगारांवर फरक पडला नाही. त्यावर नायॉशचे संचालक जॉन हॉवर्ड यांनी पत्र लिहून या मांडणीला हरकत घेतली. दोन ओळींची माणसे एका ओळीवर आली होती, त्यामुळे एकेका कामगाराच्या वाट्याला येणारे पक्षी बदललेच नव्हते, म्हणून या अभ्यासावरून वेग निरुपद्रवी ठरत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. पुढच्या वर्षी मेरीलँडमधील दुसऱ्या कारखान्याचा अहवाल आला. तिथे ३४ टक्के कामगारांना हा विकार होता आणि नसांतून विद्युतसंदेश किती वेगाने जातो याच्या चाचणीत ७६ टक्के कामगारांत दोष आढळला. त्यांतील कित्येकांनी तोवर तक्रारही केली नसेल.

जानेवारी २०२५ मध्ये कृषी खात्यानेच करवून घेतलेला, सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांच्या नेतृत्वाखालील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी ओळीच्या वेगाबरोबर दरमाणशी कामाचा वेगही मोजला. कोंबडी कारखान्यांतील तपासलेल्या कामगारांपैकी ८१ टक्के आणि डुकराच्या मांसाच्या कारखान्यांतील ४६ टक्के कामगार हाताच्या विकारांच्या दृष्टीने जास्त धोक्याच्या पातळीवर काम करत होते. कोंबडीच्या बाबतीत धोक्याचा संबंध ओळीच्या वेगाशी लागला नाही, दरमाणशी कामाशी लागला. दोन महिन्यांनी कृषी खात्याने वेगवान ओळींची सवलत कायम करण्याचा आणि कारखान्यांकडून कामगारसुरक्षेची माहिती घेणे थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. दरमाणशी आकडा समोर येण्याचा जो थोडाफार मार्ग होता, तोही त्यामुळे अरुंद झाला. मला याची मनापासून काळजी वाटते.

या मंचावर डॉक्टर आहेत, कारखान्यांतील अभियंते आहेत, भारतातील अन्नप्रक्रिया उद्योगाशी संबंधित मंडळीही आहेत. आपले अनुभव आणि आक्षेप, दोन्ही वाचायला आवडतील.

रेवा

शमी, फार मोलाचा धागा. मी पुण्यात जनरल प्रॅक्टिस करते. माझ्याकडे हाताला मुंग्या येतात म्हणून येणाऱ्यांत मधुमेह, थायरॉइडची कमतरता, गरोदरपण आणि स्थूलता ही कारणे वारंवार दिसतात, आणि स्त्रियांत हा विकार मुळातच जास्त आढळतो. अशा रुग्णाने आपण अमुक कारखान्यात काम करतो असे सांगितले, तर दोष कामाचा की शरीराचा, हे एकट्या रुग्णावरून कसे ठरवायचे? मालकाच्या बाजूचा डॉक्टर नेमका हाच प्रश्न विचारणार.

शमी

रेवाताई, तो प्रश्न इथे प्रत्येक दाव्यात विचारला जातो आणि त्याचे उत्तर एका रुग्णाच्या तपासणीत पुरते मिळत नाही, हे खरे आहे. म्हणूनच मी कामाचा इतिहास आजाराच्या इतिहासाइतका बारकाईने लिहून घेते. कोणता हात आधी दुखू लागला, तो सुरीचा की ओढण्याचा? त्याआधी कामाची जागा बदलली होती का? आठवड्याच्या सुटीत बरे वाटते आणि कामाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी परत वाढते का? शेजारी उभ्या असलेल्यांनाही तेच होते का? मधुमेहाने येणारा बधिरपणा सहसा पायांपासून सुरू होतो आणि दोन्ही बाजूंना सारखा असतो. ओळीवरच्या कामाने येणारा त्रास बहुधा काम करणाऱ्या हाताला आधी धरतो, आणि त्याच्याबरोबर बोट मिटल्यावर अडकून खटकन उघडणे, अंगठ्याच्या मुळाशी ठणका, कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखणे, खांदा न उचलता येणे असे सोबतीही असतात.

आणखी एक गोष्ट. मधुमेह असलेल्या माणसाची नस आधीच नाजूक असते, त्यामुळे तेच काम त्याला लवकर बाधते. आजार आहे म्हणून कामाचा वाटा नाही असे त्यातून सिद्ध होत नाही. मला तर उलट वाटते, की अशा माणसाला ओळीवर ठेवताना जास्त जपायला हवे.

यंत्रज्ञ_चिंचवड

माझे आयुष्य जुळणीच्या ओळी आखण्यात गेले. वाहनांच्या सुट्या भागांच्या ओळी होत्या, पण तत्त्व तेच आहे. दरमाणशी काम हेच खरे माप आहे याला पूर्ण अनुमोदन देऊन त्यात तीन गोष्टींची भर घालतो.

पहिली म्हणजे, कागदावरची माणसे आणि जागेवरची माणसे यांत फरक असतो. ओळ दहा जणांसाठी आखलेली असते, सोमवारी आठच हजर असतात आणि पट्टा मात्र दहा जणांच्याच वेगाने फिरतो. त्या दिवशी ओळीचा वेग विचारला तर उत्तर रोजचेच मिळेल. आठ जणांच्या मनगटांना मात्र सव्वापट काम पडलेले असेल. त्यामुळे हजेरीपट आणि पट्ट्याचा वेग हे एकाच तक्त्यात, तासागणिक लिहिले नाहीत, तर दरमाणशी आकडा कधीच खरा निघत नाही. गैरहजेरी वाढली की पट्टा आपोआप मंद व्हावा अशी रचना तांत्रिकदृष्ट्या मुळीच अवघड नाही. ती इच्छेचीच बाब आहे.

दुसरी गोष्ट धारेची. बोथट सुरीला जोर जास्त लागतो हे घरात भाजी चिरणाऱ्यालाही ठाऊक असते. मांस कापणाऱ्यांच्या हातांवर मोजमापाची साधने लावूनही हे पाहिले गेले आहे : धारदार पात्याने पकडीचा जोर, मनगटावर येणारा पीळ आणि कापायला लागणारा वेळ, हे तिन्ही कमी होतात. म्हणजे धार हा खर्चाच्या हिशेबात बसणारा उपाय आहे. प्रश्न एवढाच की पाळीच्या मध्ये सुरी बदलून मिळते का, की सकाळी घेतलेल्या पात्यावरच संध्याकाळ काढायची. हाडावर आपटून पात्याला खोच पडली आणि ते बदलायला ओळ सोडता आली नाही, तर उरलेले सारे काप त्या खोचेनेच होतात.

तिसरी गोष्ट कामाच्या फेरपालटीची. दर दोन तासांनी जागा बदलतो असे व्यवस्थापन अभिमानाने सांगते, पण दोन्ही जागी तेच मनगट त्याच बाजूला वाकत असेल, तर त्या फेरपालटीचा नसेला काही उपयोग नाही. कोणत्या जागी कोणते स्नायू लागतात याचा आधी नकाशा करावा आणि मग फिरवावे. कापण्यावरून खोक्यात भरण्यावर, तिथून तपासणीवर, असे फिरवले तर हाताला खरी विश्रांती मिळते.

हाताच्या कामाची तीव्रता मोजण्याची सोपी पद्धतही उपलब्ध आहे. हालचाल किती वारंवार आहे याला शून्य ते दहा गुण, आणि त्या माणसाच्या कमाल ताकदीच्या मानाने जोर किती लागतो याला शून्य ते दहा गुण द्यायचे; दोन्ही एकत्र ठेवून मर्यादेच्या आत आहे की बाहेर ते पाहायचे. प्रशिक्षित माणसाला कागद, घड्याळ आणि मोबाइलवरचे चित्रीकरण एवढ्यावर ते करता येते.

जुनाबाजार

आमचे घराणे खाटकाचे. आजोबा, वडील आणि आता मी, तिघांनीही सुरी आणि सत्तूर यांवर संसार केला. वडिलांचे वय सत्तरीपुढे आहे, गुडघे आणि कंबर यांची तक्रार आहे, पण बोटे बधिर झाल्याचे त्यांनी कधी सांगितले नाही. म्हणून विचारावेसे वाटते की दोष सुरीच्या कामाचा आहे की कारखान्यातील माणसांना ते काम नीट शिकवले जात नाही याचा?

शमी

आपला प्रश्न महत्त्वाचा आहे आणि आपल्याच वर्णनातून त्याचे बरेचसे उत्तर निघते. आपले वडील दुकानात एक अख्खे बकरे हाताळत असणार. सोलणे, पोट काढणे, फऱ्या वेगळ्या करणे, ओंडक्यावर सत्तुराने तुकडे करणे, खिमा करणे, वजन करणे, गिऱ्हाइकाशी बोलणे, फडके मारणे, धार लावणे. दर काही मिनिटांनी हाताची पकड, मनगटाचा कोन, उभे राहण्याची ढब बदलते. गिऱ्हाईक नसले की हात थांबतो. सुरी कधी बोथट झाली हे त्यांचे त्यांना कळते आणि ती पाजळायला कोणाची परवानगी लागत नाही.

कारखान्याने हेच काम शेकडो तुकड्यांत वाटले. त्यामुळे एकेका तुकड्यासाठी कौशल्य कमी लागते, नवा माणूस थोड्या दिवसांत उभा करता येतो आणि तो सोडून गेला तर दुसरा उभा करता येतो. बारीकसारीक बदल, स्वतःच्या हाताने घेतलेली उसंत आणि धारेवरचा ताबा, या तीन गोष्टींनी खाटकाचे हात राखले जातात आणि नेमक्या त्याच या वाटणीत नाहीशा होतात. प्रशिक्षण कमी पडते हे आपले म्हणणेही बरोबर आहे. १९९० मध्ये 'ओशा' या कामगारसुरक्षा खात्याने मांसाच्या कारखान्यांसाठी मार्गदर्शिका काढली. नव्या किंवा रजेवरून परतलेल्या कामगाराला पूर्ण वेगावर लगेच उभे करू नये, हात रुळेपर्यंत काम हळूहळू वाढवावे, असे तिच्यात सांगितले होते. ती बंधनकारक नव्हती.

आर्द्रा

मला एक कळत नाही. इतक्या मोठ्या प्रमाणावर त्रास असेल तर सरकारी आकडेवारीत तो दिसायला हवा आणि दंड व्हायला हवेत. कामगार तक्रार करत नाहीत का?

शमी

दंड झाले आहेत. १९८८ मध्ये नेब्रास्कातीलच डकोटा सिटी येथील आयबीपी कंपनीच्या गोमांस कारखान्याला आणि दक्षिण डकोटातील सू फॉल्स येथील जॉन मॉरेल कंपनीला तीच हालचाल पुन्हापुन्हा करून होणाऱ्या इजांसाठी त्या काळच्या मानाने प्रचंड दंड ठोठावले गेले. पुढे तडजोडीत रकमा बऱ्याच खाली आल्या, पण त्याबरोबर सुधारणांचे करार झाले. मघाशी सांगितलेली १९९० ची मार्गदर्शिका त्याच घडामोडींतून आली. अशा इजा टाळण्यासाठी बहुतेक उद्योगांना बंधनकारक असा नियम नोव्हेंबर २००० मध्ये जाहीर झाला आणि मार्च २००१ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, तो रद्द केला. ज्या कायद्याखाली तो रद्द झाला, त्याची अट अशी आहे की काँग्रेसने नवा कायदा केल्याशिवाय त्याच स्वरूपाचा नियम खात्याला पुन्हा काढता येत नाही. तेव्हापासून ओशाला 'धोकामुक्त कामाची जागा द्या' या सर्वसाधारण कलमावरच भिस्त ठेवावी लागते आणि त्याखाली प्रत्येक कारखान्याविरुद्ध खटला नव्याने उभा करावा लागतो.

आकडेवारीचे म्हणाल, तर ओशाच्याच म्हणण्यानुसार कोंबडी उद्योगात कार्पल टनेलचे नोंदलेले प्रमाण राष्ट्रीय सरासरीच्या सातपटीहून अधिक आहे. हे फक्त नोंदलेले. सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने २००५ आणि २०१६ या दोन्ही अहवालांत या उद्योगात इजा कमी नोंदल्या जात असल्याची शंका मांडली आहे. याचे एक कारण नियमातच आहे आणि ते मी रोज पाहते. नियमाप्रमाणे कामावर झालेली इजा नोंदवहीत तेव्हाच चढते, जेव्हा तिला प्रथमोपचारापलीकडे उपचार लागतात, काम बदलावे लागते किंवा रजा द्यावी लागते. गरम-गार शेक, मालिश आणि चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या वेदनाशामक गोळ्या हे सारे प्रथमोपचारांत मोडते; फिजिओथेरपी मात्र मोडत नाही. कारखान्यातील आरोग्यकक्षात माणूस आठवड्यांमागून आठवडे बर्फ आणि गोळ्या घेत राहिला, तर त्याचा हात कागदोपत्री निरोगीच राहतो. माझ्याकडे चिठ्ठी मिळाली की पहिल्यांदा नोंद होते, म्हणून ती चिठ्ठी उशिरा मिळते. पहिल्या काही आठवड्यांत रात्री मनगटाला बांधायचा आधारपट्टा, कामात बदल आणि विश्रांती एवढ्यावर जो हात परत आला असता, तो शस्त्रक्रियेच्या वेळी माझ्यासमोर येतो, याइतके क्लेशदायक माझ्या कामात दुसरे काही नाही.

कामगार बोलत का नाहीत, तर नोकरी जाण्याची भीती असते, काहींना स्थलांतराच्या कागदपत्रांची धास्ती असते आणि अनेकांना वाटते की हे दुखणे म्हणजे कामाचाच भाग आहे. मिनेसोटाने २०२३ मध्ये कायदा करून शंभर किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या मांसप्रक्रिया कारखान्यांना अशा इजा टाळण्याचा लेखी कार्यक्रम आखणे बंधनकारक केले आणि तो २०२४ च्या सुरुवातीपासून लागू झाला. राज्यांच्या पातळीवर मला त्यातल्या त्यात हीच वाट आशादायक वाटते.

कातळ

मी रत्नागिरी जिल्ह्यात मासळी-प्रक्रियेच्या एका कारखान्यात पर्यवेक्षक होते, आता ते काम सोडले आहे. आमच्याकडे मांस नव्हे, कोळंबी. पण धागा वाचताना माझ्यासमोर आमच्या टेबलांवरच्या बायका उभ्या राहिल्या. डोके काढायचे, साल काढायची, पाठीवर चीर देऊन काळा दोरा काढायचा आणि सगळे बर्फाच्या पाण्यात हात घालून. मजुरी सोललेल्या मालाच्या वजनावर, त्यामुळे पट्टा नसूनही वेग कमी होत नसे. हात थांबला की पैसे थांबले. दुखायचा तो बहुतेकींचा अंगठा आणि त्याखालचे मनगट. संध्याकाळी घरी भाकरी थापता येत नाही, हंडा उचलता येत नाही, असे त्या सांगत. खोबरेल तेल लावून शेकणे हाच उपाय. डॉक्टरकडे गेलेल्या फार थोड्या, आणि गेलेल्यांपैकी कोणी डॉक्टरांना काम काय करते हे सांगितले असेल असे मला वाटत नाही. आपल्याकडे यासाठी कायद्यात काही सोय आहे का?

रेवा

कातळ, कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत डॉक्टरने कळवायलाच हवेत अशा व्यवसायजन्य आजारांची यादी होती. त्यात शिसे, पारा, आर्सेनिक यांची विषबाधा होती, सिलिकोसिस (धुळीने होणारा फुप्फुसांचा विकार) होता, आवाजाने येणारे बहिरेपण आणि त्वचेचे विकारही होते. सतत एकच हालचाल केल्याने होणारे मनगटाचे आणि स्नायुबंधांचे विकार त्यात नव्हते. त्या अधिनियमाची जागा घेऊन नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या यादीतही ते आलेले नाहीत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने मात्र २०१० मध्ये सुधारलेल्या आपल्या यादीत कार्पल टनेल आणि अंगठ्याच्या मुळाशी होणारी स्नायुबंधांची सूज, दोन्ही स्पष्टपणे घातली आहेत. यादीत नसलेला आजार डॉक्टर कळवत नाही, न कळवलेला आजार मोजला जात नाही, आणि न मोजलेला आजार पुढच्या वेळीही यादीत येत नाही. मी स्वतः यापुढे हात दुखण्याच्या प्रत्येक केसपेपरवर कामाचे स्वरूप लिहिणार आहे.

यंत्रज्ञ_चिंचवड

वजनावर मजुरी असेल तर मी वर सुचवलेला पट्टा मंद करण्याचा उपाय तिथे लागू होत नाही, हे लक्षात आले. तिथे दर असा बांधावा लागेल की ठरावीक विश्रांती धरूनही दिवसाची किमान मजुरी पदरात पडेल. नाहीतर दिलेली विश्रांती कोणी घेणार नाही. टेबलाच्या उंचीचेही पाहा. सगळ्यांना एकच उंची असते, आणि ठेंगण्या बाईला दिवसभर कोपरे वर उचलून काम करावे लागते. पायाखाली कमी-जास्त करता येणारी फळी हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

कातळ

फळीचे पटले. आमच्याकडे काही जणी मालाचे रिकामे क्रेट उलटे घालून त्यावर उभ्या राहत, आणि निसरडे होते म्हणून ते काढायला लावले जाई. त्याऐवजी खरखरीत पृष्ठभागाची फळी दिली असती तर दोन्ही गोष्टी साधल्या असत्या. माझ्या ओळखीच्या काही जणी अजून तिथेच आहेत. त्यांच्यासाठी आज, कोणाच्या परवानगीशिवाय करता येण्यासारखे काय आहे?

शमी

उपचार म्हणून आधी एवढे सांगा. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीच्या बाजूला हलकेच वाकवल्यावर अंगठ्याच्या मुळाशी जोराची कळ आली, तर ती स्नायुबंधांच्या आवरणांची सूज असण्याची शक्यता मोठी आहे. त्यांनी तेल चोळत बसण्यापेक्षा अंगठ्याला आणि मनगटाला आधार देणारा पट्टा रात्री व सुटीच्या दिवशी बांधावा आणि हाडांच्या डॉक्टरांना लवकर दाखवावे. रात्री बोटे बधिर होऊन जाग येत असेल, तर मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून झोपावे. वस्तू हातातून निसटू लागल्या किंवा अंगठ्याखालचा भाग उतरलेला दिसला, तर थांबू नये. बर्फात हात घालण्याआधी आणि मधल्या सुटीत हात कोमट पाण्यात धरावेत. रबरी हातमोज्यांत सुती अस्तर असेल तर ते ओले होताच बदलावे. काम आलटून पालटून करणे जमत असेल, तर डोके काढणारीने साल काढणारीशी अदलाबदल करण्यापेक्षा माल धुण्याशी किंवा ट्रे भरण्याशी करावी, कारण पहिल्या दोन्ही कामांत अंगठाच वापरला जातो.

आणि एक साधी वही ठेवायला सांगा. त्यात रोजची तारीख, किती तास काम, किती किलो सोलले, टेबलावर किती जणी होत्या, कोणता हात दुखला आणि रात्री जाग आली का, एवढे लिहावे. डॉक्टरकडे जाताना ती बरोबर न्यावी आणि केसपेपरवर 'कोळंबी सोलण्याचे काम' असे आवर्जून लिहून घ्यावे. रेवाताई, आपण तयार असाल तर या वहीसाठी एका पानाचा मराठी तक्ता आपण दोघी मिळून करू. यंत्रज्ञांनी त्यात दरमाणशी कामाचा रकाना कसा भरायचा ते लिहावे, म्हणजे कातळ तो छापून त्यांच्यापर्यंत पोहोचवू शकतील.

रेवा

तयार आहे. रविवारी कच्चा तक्ता इथेच टाकते. एका हाताने भरता येईल असे मोठे रकाने ठेवते आणि ज्यांना लिहिणे अवघड आहे त्यांच्यासाठी हाताचे चित्र घालते, म्हणजे दुखते तिथे खूण केली की पुरे.